त्या बाकावर किती जण मावतात

२ जून

प्रिय बारके,

दोन्ही याद्यांत तुझं नाव आल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं आणि लगेच गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला की त्यांना मुलगी डॉक्टर झाली काय आणि मंत्री झाली काय, सारखंच. म्हणून हे पत्र. आई हल्ली फोन घेत नाही, पत्र तिलाही वाचता येईल. शिवाय दिवसाला साठ-सत्तर फोन करून मला माझाच आवाज नकोसा झालाय. प्रवेशाचे दिवस आहेत, आमच्या विद्यापीठाच्या प्रवेश खात्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. आधी मुलांना फोन करायचे, मग जी काठावर बसलीत त्यांना हाताने पत्र लिहायचं, हा आमच्या मॅडमचा नियम. छापील माहितीपत्रक रद्दीत जातं, हाताने लिहिलेलं जात नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय. हे पत्रही ऑफिसच्या जाड कागदावरच लिहितेय, रागावू नकोस.

आता मुद्द्याचं. अभ्यासक्रम तोच, कान तपासायचा आणि बोलणं शिकवायचा, चार वर्षांचा. शहरही तेच. सरकारी विद्यापीठ आणि आमचं खासगी यांच्यामध्ये एक उड्डाणपूल, चालत वीस मिनिटं. पण त्या वीस मिनिटांत दुनिया बदलते. सरकारीत तुझा विभाग भांडाराच्या मागे आहे. कान तपासायच्या बंद खोलीचं छत गळतं. यंत्र एक, आणि त्यावर हात बसवायला तुम्ही चाळीस जण. परीक्षा कधी होणार हे ती घेणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. माझं काय झालं ते तू लहान होतीस तरी तुला आठवत असेल. शेवटच्या वर्षाचा निकाल चौदा महिने लागला नाही. बँकेने तीन महिने माझी जागा धरून ठेवली आणि मग दुसऱ्याला दिली. दर सोमवारी मी परीक्षा विभागाबाहेरच्या लाकडी बाकावर जाऊन बसायचे आणि आतला माणूस मान वर न करता पुढच्या आठवड्यात या म्हणायचा. ज्या बाकावर मी चौदा महिने बसले, त्या बाकावर तू बसू नयेस, एवढंच मला वाटतं.

आमच्याकडे निकाल एकवीस दिवसांत लागतो. वर्ग घड्याळाच्या काट्यावर भरतात. आमची तपासणीची खोली कशी आहे ते आईला विचार, तिने फेब्रुवारीत आतून पाहिली आहे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी जागा राखून ठेवतात, सवलतही मिळते. सरकारीची मुदत तीस जूनपर्यंत आहे, पण आमच्याकडे लवकर सांगावं लागेल. वेळ घालवू नकोस.

तुझी,
ताई

८ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र आधी आईने वाचलं, मग बाबांनी, मग सुतारकाकांनी, कारण ते नेमके चहाला आले होते. माझ्या हातात पडलं तेव्हा त्यावर कपाचा गोल उमटला होता आणि माझं भवितव्य गल्लीत ठरून गेलं होतं. काका म्हणतात खासगी. त्यांच्या मुलीचंही माझ्याबरोबरच नाव लागलंय, तुमच्याकडे पक्कं आणि सरकारीत प्रतीक्षा यादीत. बाबा म्हणतात ताई तिथे आहे, तिला जास्त कळतं. आईने तुझं पत्र उचलून परत वाचायला घेतलं.

मी मात्र सरकारीकडे झुकलेय, आणि का ते सांगते. प्रवेश परीक्षेच्या दिवशी मी तो विभाग बघून आले. छत गळतं हे खरं. खाली पत्र्याचं घमेलं ठेवलेलं होतं आणि त्याच्या बाजूला नीट उभं राहायला जागाही केलेली होती, म्हणजे बरेच दिवस गळत असावं. पण बाहेर चाळीसेक माणसं बसली होती. म्हातारी, लहान पोरं, झटका येऊन बोलणं गेलेली. तिथल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला विचारलं, शिकायला येणार का. मी हो म्हटलं तर त्यांनी सरळ एका आजोबांसमोर बसवलं आणि म्हणाल्या, यांच्याकडून यांचं नाव काढून घे. पंचवीस मिनिटं लागली. नाव निघालं तेव्हा आजोबा रडले आणि मीही रडले, हे बाबांना सांगू नकोस. असं शिकायला मिळणार असेल तर मी घमेल्याशेजारी उभी राहीन.

तरी तुझं म्हणणं टाकून देत नाही. फक्त एक सांग. आमच्या शाळेतल्या सरांनी या अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या परिषदेची यादी आणून दाखवली. त्यात नोंद असलेल्या ठिकाणी शिकलं तरच पुढे कुणाच्या कानाला हात लावता येतो. त्यात तुमच्या विद्यापीठाचं नाव नाही. यादी जुनी असेल म्हणून मी सरांशी भांडले. मान्यतेचा क्रमांक कळव, म्हणजे त्यांचं तोंड बंद करते.

आणि आईचं बघ. छापखान्यातल्या यंत्रांनी तिचे कान खाल्ले त्याला वर्षं झाली, पण निदान फोनवर ओरडून बोललं तर तिला कळायचं. फेब्रुवारीत तुमच्याकडे तपासून आली तेव्हापासून ती फोनला हात लावत नाही. शेजारी जात नाही. कुणी बोललं की हो हो करून हसते. तुम्ही कानात लावायच्या यंत्रासाठी तिला परत बोलावणार होतात ना? ती रोज टपालवाल्याची वाट बघते.

बारकी

१२ जून

प्रिय बारके,

सरांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की त्यांनी वीस वर्षांत शाळेचं कुंपण ओलांडलेलं नाही. यादी जुनीच आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत परिषदेची तपासणी झाली, मी स्वतः तिथे होते. सगळं व्यवस्थित पार पडलं. फक्त कागद यायचा आहे. असे कागद वेळ घेतातच, तू आत्ता त्यात डोकं घालू नकोस.

आजोबांचं वाचून बरं वाटलं. पण बारके, एका दिवसाचं रडणं वेगळं आणि चार वर्षं वेगळी. त्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, माहीत आहे तुला? त्यांच्या जागी कुणी येईल की नाही हे देव जाणे. तू पांढऱ्या केसांवर भुलून निर्णय घेतेस आणि नंतर निस्तरायची वेळ तुझ्यावर येणार.

घरच्यांच्या यादीत तुझं नाव मी टाकून ठेवलंय. मॅडमना सांगितलंही, माझी बहीण येतेय. त्या खूश झाल्या, म्हणाल्या आपलीच माणसं आली की बाहेरच्यांना भरवसा वाटतो. पंचवीस तारखेच्या आत मूळ दाखला आणि गुणपत्रिका घेऊन ये. बाबांना वेगळं लिहीत नाही, तूच सांग.

आईच्या यंत्राचं मी बघते. तिला म्हणावं घाई करू नकोस.

ताई

१७ जून

ताई,

क्रमांक विचारला होता, कागद यायचा आहे असं उत्तर आलं. असू दे, त्यावर नंतर बोलू. आज दुसरंच लिहायचं आहे.

काल सुतारकाकांची मुलगी पळत आली. तिलाही तुमच्या विद्यापीठातून पत्र आलं, हाताने लिहिलेलं, जाड कागदावर. कुणा अनोळखी दादाने लिहिलंय. त्याला तिच्यात चमक दिसते म्हणे, एकदा फोनवर बोलून. मी हसत हसत वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदात माझं हसू गेलं. 'ज्या बाकावर मी चौदा महिने बसलो, त्या बाकावर तू बसू नयेस, एवढंच मला वाटतं.' अक्षरन् अक्षर तेच. बसले चं बसलो केलंय तेवढं.

त्या बाकावर एकूण किती जण मावतात, ताई?

मी आठ वर्षांची होते तेव्हाचं सगळं आठवतं मला. तू सोमवारी रात्री यायचीस आणि चपला न काढता दारात बसून राहायचीस. आई तुझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची आणि कुणी काही विचारायचं नाही. ते आमच्या घरातलं दुःख होतं. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी जवळजवळ हो म्हणून टाकणार होते. आता कळतं की ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. कामाचं होतं. तू मला फोनच केलास, फक्त कागदावर.

मैत्रिणीला काही बोलले नाही. तिला ते पत्र इतकं आवडलंय की तिने उशीखाली ठेवलंय.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

बारकी

२० जून

बारके,

हा कागद माझ्या वहीतला आहे, ऑफिसचा नाही.

ते वाक्य मी पहिल्यांदा तुलाच लिहिलं. हे तुला खरं वाटो न वाटो. दोन जूनला दुपारी डबा खाताना तुझ्या पत्राचा कच्चा मसुदा टेबलावर होता, मॅडमनी जाता जाता उचलून वाचला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, हे सगळ्यांना जायला हवं. दुपारी तीनला त्याच्या प्रती काढून आठ जणांच्या टेबलांवर ठेवल्या. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, उलट मला बरं वाटलं. सहा वर्षांत माझ्या कुठल्याही कामाचं तिथे कुणी कौतुक केलं नव्हतं. आता तो बाक आमच्या ऑफिसात रोज आठ जण लिहितात आणि ज्या पोराने तुझ्या मैत्रिणीला लिहिलं त्याचा निकाल त्याच्या वाढदिवशी लागला होता.

आता दुसरंही सांगते, नाहीतर तू ते बाहेरून ऐकशील. मी अजून कायम नाही. सहा वर्षं दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचा नवा कागद, मध्ये एक महिना घरी बस. घरी मी कायम आहे असं सांगितलंय, बाबांना लोकांत सांगायला बरं वाटतं म्हणून. या जुलैत कायम होणाऱ्यांची यादी लागणार आहे. तुझ्या अभ्यासक्रमाचे प्रवेश माझ्याकडे आहेत. माझ्या नावावर वीस व्हायला हवेत, एकोणीस झालेत. विसावी तू.

म्हणून मी तुला ओढलं का? मला नक्की सांगता येत नाही, आणि हेच मला खातंय. तो बाक खरा होता. तू तिथे बसू नयेस हेही खरंच वाटतं. रागाच्या भरात काही ठरवू नकोस, एवढं ऐक.

ताई

२४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाळेच्या शिपायाने विचारलं कुणी गेलं का. मी म्हटलं नाही, कुणीतरी परत आलंय.

मी बाबांना सांगितलं. सगळं नाही, फक्त तू कायम नाहीस आणि माझ्याने होणार असेल तर होऊ शकतेस, एवढंच. ते बराच वेळ स्क्रू साफ करत बसले. मग म्हणाले, तिने आपल्यासाठी केलं, आता आपली पाळी. ताई, तुझ्या पगारावर माझी फी भरली गेली, माझे चष्मे झाले, आणि मी मात्र एका वाक्यावरून तुला फाडून खाल्लं. तू इतकं खरं लिहिलंस, त्यानंतर माझ्या मनात काही उरलं नाही. कागद यायचा आहे म्हणालीस, तर येईल.

मी तुमच्याकडेच येते. घमेलं आणि आजोबा राहू देत. चार वर्षं कुठेही शिकले तरी कान तोच असतो.

सरकारीची जागा सोडल्याचं पत्र मी लिहून ठेवलंय. तीस तारखेपर्यंत हजर झालं नाही तर जागा आपोआप जातेच, पण आपण होऊन कळवलं तर प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळेल. पंचवीसला जमत नाही, बाबांकडे शाळेची बारा मशीनं आलीत. एकोणतीसच्या बसने दोघं येतो, तोवर मॅडमना सांभाळून घे. सुतारकाकांनी आजच जाऊन मुलीचे मूळ कागद तुमच्याकडे भरले. मी येतेय म्हटल्यावर त्यांनी मागचा-पुढचा विचार केला नाही. ती तर नाचतेय.

आता रडू नकोस. तुझी विसावी येतेय.

बारकी

२८ जून, सकाळ

बारके,

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून आपल्या गावाच्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. तो बाबांच्या दुकानात देईल. काल मी दुकानात फोन केला होता. बाबांनी उचलला आणि माझ्या तोंडून आपोआप ऑफिसचा आवाज निघाला, कसे आहात, सगळं छान ना. मी ठेवून दिला. फोनवर मला आता खरं बोलता येत नाही. म्हणून लिहिते. हे आईलाही वाचायला दे. तिला आधी दे.

आमच्याकडे येऊ नकोस. परिषदेने मान्यता नाकारली आहे. कागद यायचा नाही, तो मे महिन्यातच आलाय आणि मॅडमच्या कपाटात आहे. आवक वहीत त्याची नोंद माझ्या अक्षरात आहे. म्हणजे तू क्रमांक विचारलास तेव्हा मला ठाऊक होतं. पुन्हा अर्ज केलाय, होईल दोन वर्षांनी, किंवा होणारही नाही. एकोणीस जणांना मी सांगितलं, कागद यायचा आहे.

का नाकारली तेही लिहिते. फेब्रुवारीत तपासणी होती. आमच्याकडे बंद खोली होती, गालिचा होता, काच होती, यंत्र नव्हतं. एकसुद्धा. त्या सकाळी एका रुग्णालयातून तीन यंत्रं आणली. त्यांवर त्या रुग्णालयाचं नाव होतं, ते झाकलं जाईल अशी आमची लेबलं मी माझ्या हाताने चिकटवली. संध्याकाळी ओल्या फडक्याने मीच काढली. परिषदेच्या एका बाईंनी जाता जाता एका लेबलाच्या कोपऱ्यावर नख फिरवलेलं मी पाहिलं होतं.

तपासायला माणसंही दाखवायला हवी होती. मॅडमनी विचारलं, कुणाच्या घरी कमी ऐकणारं आहे का. मी आईचं नाव दिलं.

यंत्रं वाटेत हादरली होती आणि सोबतच्या माणसाने ती सुरूच केली नव्हती, नुसते दिवे लावले होते. आईच्या कानांवर यंत्राचे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. काचेच्या अलीकडे परिषदेची तीन माणसं उभी होती आणि मी होते. तिच्या कानात काहीच सोडलेलं नव्हतं, बारके. तरी ती दाबत होती. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की बरं झालं, निभावलं. नंतर मी तो दिवस मनातून काढूनच टाकला. तू लिहिलंस की ती तेव्हापासून कुणाशी बोलत नाही, तेव्हाही मी घाई करू नकोस म्हणून उडवून लावलं. मग तुझं चोवीस तारखेचं पत्र आलं. तू माझ्या नोकरीसाठी चार वर्षं द्यायला निघालीस. मी कुणाकुणाकडून काय घेतलंय ते मला तेव्हा कळलं.

जागा सोडल्याचं पत्र फाडून टाक. तीसला सकाळी सरकारीत जा. खिडकी क्रमांक तीन, दाखला, गुणपत्रिका, चार फोटो, आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, नाहीतर ते परत पाठवतात. खिडकी साडेचारला बंद होते पण रांग तीनलाच तोडतात. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नकोस.

ताई

३ जुलै

ताई,

झालं. पोचपावती माझ्याकडे आहे, शिक्का पुसट आहे पण आहे. रांग पावणेतीनला तोडली, माझ्यामागे चौघं होते.

तुझ्या खोलीवर आले नाही. मुद्दाम आले नाही.

पत्र बाबांनी मला दिलं, तू सांगितल्याप्रमाणे मी आधी आईला दिलं. तिने ते चौकटीत उजेडाला धरून सावकाश वाचलं. घडी घातली. मग म्हणाली, 'काहीच ऐकू आलं नाही तेव्हा मला वाटलं उरलेलंही गेलं. काचेतून तुझ्या ताईचं तोंड दिसत होतं, घाबरलेलं. पोरीच्या नोकरीची वेळ होती, म्हणून अंदाजाने दाबत राहिले.' पाच महिने ती हे पोटात घेऊन आपल्यात वावरत होती. पूर्ण बहिरी झाले असं समजून. घरात चमचा पडला तरी तिला तो ऐकू आल्यासारखा वाटायचा आणि ती मनाला समजवायची, भास आहे.

ती म्हणाली मीही येते. बाबा राहिले, आम्ही दोघी आलो. पावती मिळाल्यावर मी तिला त्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे नेलं. वेळ संपली होती, तरी त्यांनी घेतलं. तिला खोलीत बसवलं, घमेलं बाहेर काढलं, पाणी टपटपू नये म्हणून खाली फडकं अंथरलं. आई हातात बटण धरून बसली. बराच वेळ तिने दाबलंच नाही. मग दाबलं. परत थांबली. परत दाबलं. अंदाजाने नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. डाव्या कानात निम्मं शिल्लक आहे, ताई. होतं तेवढंच आहे. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि रस्त्यावरच्या गाड्या ऐकत राहिली.

तुझे उपकार मानावेत की काय करावं मला कळत नाही. वेळेवर सांगितलंस म्हणून माझी जागा राहिली. पण सुतारकाकांच्या मुलीचं काय? मी एकोणतीसला संध्याकाळी तिला सांगायला गेले. ती मला म्हणाली, तुला माझ्याबरोबर शिकायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस. मग पत्र दाखवलं. वाचून ती एकदम लहान मुलीसारखी दिसायला लागली. तिचे मूळ कागद तुमच्या कपाटात आहेत. काकांनी फोन केला तर उत्तर मिळालं, वर्षभर कागद परत देण्याची पद्धत नाही. सरकारीत रिकाम्या जागांची फेरी आहे, प्रतीक्षा यादीत ती दुसरी आहे, पण बुधवारी सोळा तारखेला मूळ कागद दाखवले तरच. काका सोमवारी, चौदाला, स्वतः तुमच्या खिडकीवर येणार आहेत.

तू पत्र फक्त मला लिहिलंस. बाकीच्या एकोणीस जणांना बहीण नाही.

बारकी

११ जुलै

बारके,

तुझ्या पत्राला आठ दिवस झाले तरी मी उत्तर लिहिलं नाही, कारण दुसरी लिहीत होते. वीस झाली. पहिलं सुतारकाकांच्या मुलीला, मग एकोणीस जणांना. मान्यता नाकारली आहे, कोणत्या तारखेला, पत्राचा क्रमांक काय, सरकारीची रिकाम्या जागांची फेरी कधी संपते, आणि कागद परत मागण्याचा हक्क कुठल्या नियमात आहे. आमच्याच प्रवेश-नियमांच्या पुस्तिकेत तो आहे, पान एकतीस, कुणी तिथपर्यंत वाचत नाही. यात बाकासारखं उसनं वाक्य एकही नाही. काही जणांना दोनच ओळी सुचल्या. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि खोलीचा पत्ता घातला. काल सकाळी सगळी टपालात टाकली.

आणि काल दुपारीच मॅडमनी मला बोलावून कायम झाल्याचा आदेश हातात दिला. सुतारकाकांची मुलगी तिला पत्र लिहिणाऱ्या पोराच्या हिशेबात धरली गेली, माझे वीस पूर्ण झाले नव्हते, तरी दिला. म्हणाल्या, तुझ्या बाकाने या वर्षी आपल्याला तारलं. पेढे वाटा म्हणून सगळे मागे लागले. मी तो कागद घेऊन जिन्यात उभी राहिले. सहा वर्षं मी त्या कागदाची वाट पाहिली आणि त्या क्षणी मला तो वाचवेना.

राजीनामा द्यावा असं एकदा मनात आलं. नाही देणार. मी निघून गेले तर मुलांचे मूळ कागद असलेल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल आणि गोष्ट तिथेच मिटेल. काढायचं तर त्यांनी मला काढावं आणि का काढलं ते लिहून द्यावं. पत्रं आज-उद्या पोचतील. कुणीतरी पालक फोन करेल, आणि तो फोन कुठल्या टेबलावर वाजेल कोण जाणे. भीती वाटते. खोटं कशाला सांगू.

आईला वेगळं लिहिलंय. ते तिचं आहे, तू वाचू नकोस. तिने उत्तर दिलं नाही तर तिला आठवण करून देऊ नकोस.

तू खोलीवर आली नाहीस ते बरोबरच केलंस. मला वाईट वाटलं, पण ते माझं मी बघेन.

सुतारकाकांना एवढा निरोप दे. सोमवारी दहाला खिडकी उघडते, त्यांनी साडेनऊलाच यावं आणि पुस्तिकेचं पान एकतीस बरोबर आणावं. मी त्यांच्यासाठी एक प्रत याच पाकिटात घातली आहे, पाकीट उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तोवर मला काढलं नसेल तर मी खिडकीच्या आत असेन आणि तिचे कागद माझ्या हाताने काढून देईन. काढलं असेल तर मी बाहेर रांगेत त्यांच्या शेजारी उभी असेन.

ताई